पंखा का फिरत नव्हता

अहमदपूरला खोली भाड्याने घ्यायला गेले, तेव्हा घरमालकांनी मला आधी दारातल्या उजेडात उभं केलं आणि माझ्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघितली. मी नांदेडहून नोकरीसाठी नवीनच आलेली, कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायला. परका माणूस असा डोळ्याला हात घालतो म्हटल्यावर मी दचकून मागे सरले. आतून त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा आवाज आला, "आवो, माणूस हाय ती. म्हैस न्हाई."

"रक्त कमी हाय," काका म्हणाले. "मॅडम, पालेभाजी खाता का न्हाई?"

मी खाते म्हणाले. कधीपासून खाता, कोणती खाता, शिजवताना पाणी फेकून देता का, असं सगळं विचारून झाल्यावर त्यांनी वरच्या खोलीची चावी माझ्या हातात ठेवली. तिथं मी बरीच वर्षं राहिले. त्या माणसाचं मला पूर्ण कळलं असं मात्र म्हणवत नाही.

काकांची सगळी नोकरी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेली होती. निवृत्त झाले तरी गल्लीत त्यांना डॉक्टरसाबच म्हणत. जनावराला कुठं दुखतंय ते सांगता येत नाही, म्हणून ते आपण शोधायचं, हे त्यांच्या इतकं अंगात मुरलं होतं की बोलणाऱ्या माणसांनाही ते मुकंच समजत. कुणी "अचानक ताप आला" म्हणालं की काकांचा चेहरा कडू व्हायचा. "अचानक असं काही नसतंय. काल काय झालं ते सांग." लाइट गेली तर बाकीची गल्ली मेणबत्त्या शोधायची आणि काका चप्पल घालून डीपीकडे चालू लागायचे. तिथं जाऊन त्यांना काय कळायचं ते देवाला माहीत. पण परत येताना कुणावर तरी रागावलेले असायचे.

एकदा घरातलं दूध नासलं. कुठल्याही घरात अशा वेळी पातेलं घासतात आणि दुसरं दूध आणतात. काकांनी चहा बंद केला. दूधवाला, पातेलं, फ्रिज, हवा, सगळ्यांची चौकशी लागली. गच्चीवर वाट्यांमधून दुधाचे नमुने झाकून ठेवले आणि कोणता आधी नासतोय ते बघत काका जिन्यात बसून राहिले. काकू गुपचूप पिशवीचं दूध घेऊन माझ्या खोलीत यायच्या आणि आम्ही दोघी दार लावून चहा प्यायचो. "लग्न झालं तवापासून ह्यांच्याशी असंच चालू हाय," काकू म्हणायच्या. "मी रुसले तरी का रुसले ते शोधून राहिलेत. मनवायचं राहूनच जातंय."

आणि एक म्हैस होती. उमरीकडच्या कुठल्याशा गावातली, फार जुनी गोष्ट. तिनं चारा सोडला होता. काका तिच्यापाशी दिवसभर बसले, सगळं तपासलं, काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हैस आपली आपण खायला लागली. मालक खूश झाला, त्यानं काकांना नारळ दिला. काकांना मात्र ती म्हैस बरी का झाली हे कधीच कळलं नाही, आणि तिचं बरं होणं त्यांना इतक्या वर्षांनीही सलत होतं. जेवताना मध्येच थांबून म्हणायचे, "चाऱ्यात तर काही नव्हतं." समोर बसलेल्या माणसानं काय समजायचं?

तर अशा माणसाच्या गाडीचा पंखा बिघडला.

गाडी म्हणजे जुनी व्हॅन. पुढच्या सीटखाली इंजिन, बाजूला सरकणारं दार. गाडी काकांची असली तरी ती होती काकूंसाठी. काकूंचे दोन्ही गुडघे गेलेले, एसटीच्या पायऱ्या चढणं त्यांना जमायचं नाही. आणि त्यांची थोरली बहीण जळकोटला. अक्कांना अर्धांग झालं होतं, बोलणं गेलं होतं, माणसं ओळखायच्या. दर शनिवारी काकू तिकडे जायच्या, अक्कांच्या केसांना तेल लावायच्या, विंचरायच्या, वेणी घालायच्या. "सून लई चांगली हाय, सगळं करती," काकू सांगायच्या, "पर वेणी माझ्याच हातची लागती तिला. दुसऱ्या कुणी हात लावला की मान फिरवती." आई गेल्यावर लहानपणी काकूंची वेणी अक्कांनी घातली होती. काकूंचं घराबाहेरचं जग म्हणजे हा शनिवार. माझं कॉलेज शनिवारी सकाळचं असायचं, त्यामुळे दुपारी मीही बऱ्याचदा त्यांच्याबरोबर जायची. काकांना टायरची हवा बघायची सवय होती, आणि ते ती बघत असताना काकू बाटलीनं गाडीत पाणी भरायच्या. गाडी जुनी, पाणी फार प्यायची. बोअरचं घालायचं नाही, त्यात क्षार असतात, फिल्टरचंच घालायचं, अशी काकांची सक्त ताकीद होती आणि काकू ती इमानानं पाळायच्या.

एका शनिवारी शिरूर ताजबंदच्या पुढे चढाला गाडीतून वाफ निघाली.

मला तोवर गाड्यांमधलं ओ की ठो कळत नव्हतं. नंतरच्या महिन्यांत काकांनी इतकं ऐकवलं की आता झोपेतही सांगेन. इंजिनाचं तापलेलं पाणी एका जाळीतून फिरतं, तिला रेडिएटर म्हणायचं. त्या जाळीमागे विजेचा पंखा. पाणी जास्त तापलं की जाळीत बसवलेल्या एका लहानशा स्विचला ते कळतं आणि तो पंखा सुरू करतो. आमचा पंखा सुरूच झाला नाही, म्हणून पाणी उकळलं. इथपर्यंत सोपं होतं. आम्ही बाभळीखाली बसलो, काकू पदरानं वारा घेत होत्या, काका गाडीपुढे उकिडवे. इंजिन कधीचं बंद, आणि अशात पंखा भर्रकन आपला आपण फिरायला लागला.

"आता का फिरला?" काकांनी मलाच विचारलं.

पुढं हेच चालू राहिलं. रस्त्यात तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला तरी पंखा ढिम्म. घरी येऊन, चावी खुंटीला लावून काका हातपाय धूत असले की बाहेर गल्लीत पंखा सुरू. शेजारची लेकरं गाडीत भूत आहे म्हणायला लागली. मलाही संध्याकाळी त्या गाडीजवळून जाताना उगाच मागं वळून बघावंसं वाटायचं. स्टँडजवळच्या मिस्त्रीकडे नेली तर तिथं पंखा अगदी गुणी मुलासारखा फिरायचा. मिस्त्री एक वायर काढायचा, दुसरीला लावायचा, पंखा फिरायचा. फ्यूज बघितला, ठीक. पंख्याकडे वीज सोडणारा रिले बदलला. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा वाफ. रिले जुना बसवला, तर तोही चालत होता. मग वायरिंगमध्ये दोष असेल म्हणून वायर बदलली. मग पंख्याच्या मोटारीवर संशय. जी वस्तू तपासावी ती निर्दोष निघायची आणि गाडी मात्र तापायची.

स्विच तेवढा बघितला नव्हता. तो काढायचा म्हणजे जाळीतलं सगळं पाणी सोडून द्यावं लागतं. लातूर जिल्ह्यात उन्हाळ्यात चांगलं पाणी जमिनीवर सोडून द्या म्हणणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघतात ते मी सांगायला नको. शिवाय मिस्त्रीनं दोन वायरी जोडून पंखा फिरवून दाखवला होता. त्यावरून त्याचं म्हणणं, कशाला खोलात जाता?

"डॉक्टरसाब, डायरेक्ट करून टाका," मिस्त्री म्हणाला. "स्विचची भानगडच ठेवू नका. चावी फिरवली की पंखा सुरू, चावी काढली की बंद. आपल्याकडच्या गरमीत सगळ्यांच्या जुन्या गाड्या डायरेक्टच हायत."

"आन् कारण?"

"कारण घेऊन काय करायचं हाय? तुम्हाला जळकोटला जायचं हाय ना?"

काका गाडी घेऊन घरी आले आणि जेवणावर बसले तरी घुश्शात. "ताप उतरायची सुई कुणीबी टोचतंय. ताप का आला ते बघतंय का कुणी? सुई टोचत गेलो आन् आतून जनावर सडत गेलं तर?" काकू म्हणाल्या, "आवो, ती गाडी हाय." काका म्हणाले, "गाडी तर जनावरापेक्षा मुकी हाय." त्यावर काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि मी भाताकडे.

डायरेक्ट करायचं नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःचा इलाज काढला. थंडीत गाडीत गरम हवा यायची सोय असते, ती हिटरची कळ पूर्ण फिरवायची. त्यानं इंजिनाची उष्णता आत बसलेल्या माणसांकडे येते आणि पाणी थोडं निवतं. हे खरं आहे, मी नंतर इतरांनाही विचारलं. पण महिना एप्रिलचा. बाहेर डांबर मऊ पडलेलं, आणि आम्ही तिघं हिटर लावून जळकोटला निघालो. काकांनी दस्त्या, म्हणजे हातरुमाल, ओले करून डोक्यावर ठेवायला दिले, ते पाच मिनिटांत वाळले. मला काट्यावर नजर ठेवायचं काम होतं. दर थोड्या वेळानं काका विचारायचे, "मॅडम, काटा?" मी सांगायची, "मध्यावर." माझा स्वतःचा काटा कुठं होता ते कुणी विचारलं नाही. वाटेत एकानं गाडीला हात केला, काकांनी थांबवली, दार सरकवल्यावर आतली हवा त्याच्या तोंडावर आली. तो बिचारा "राहू द्या, मी येतो मागून" म्हणून उन्हातच उभा राहिला. काकू हसून हसून बेजार झाल्या. अक्कांपाशी पोचल्यावर त्यांनी हे सगळं अभिनय करून सांगितलं, आणि अक्कांच्या वाकड्या झालेल्या ओठांवर हसू आलं. मी ते पाहिलंय.

पण हिटरही पुरेना. नंतरच्या फेरीला परत येताना काका थांबून पाणी बघायला गेले तर रेडिएटरचं टोपण उडालं आणि उकळतं पाणी काकांच्या मनगटावर आलं. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, की कारण सापडेपर्यंत गाडी गल्लीबाहेर जाणार नाही. काकूंचा एक शनिवार बुडाला. काका ओसरीवर पंख्याची मोटार सोडवून बसलेले. पुढचाही शनिवार बुडाला.

काकू भांडखोर नव्हत्या. त्या दिवशी मात्र त्या ओसरीच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "तुमचं कारण सापडेपर्यंत अक्का थांबल का हो?"

"दोन दिवस. झालंच."

"करा की ते डायरेक्ट. मी हात जोडते."

"असं कसं? जीव तुझा बसणार हाय ना आत? रस्त्यात पेटली तर?"

मी भाड्याच्या गाडीचं बोलून बघितलं. लग्नसराई, गाड्या मिळत नव्हत्या. एक मिळत होती तर काकाच म्हणाले, कशाला, उद्या आपली तयार होतीय. मला काकांचा राग आला आणि त्यांच्या भाजलेल्या मनगटाकडे बघून तो धड टिकलाही नाही. ते काकूंच्या काळजीनं अडून बसलेत का आपल्या हट्टापायी, हे मला ठरवता येईना. बहुतेक त्यांनाही येत नसावं.

त्याच आठवड्यात सकाळीच जळकोटहून अक्कांच्या मुलाचा फोन आला. "मावशी, निघा. आईनं रातीपासून पाणी घेतलं न्हाई."

काकूंनी फोन ठेवला आणि पातळ बदलायला गेल्या. काकांसमोर वर्तमानपत्रावर मोटारीचे तुकडे मांडलेले होते. मी स्टँडवर धावले, तिथल्या सगळ्या गाड्या एका वऱ्हाडाला गेल्या होत्या. परत येते तर काका मोटार जोडत होते. घाईत स्क्रू पुन्हा पुन्हा खाली पडत होता. मी तो उचलून देत होते. मोटार बसली, तशी त्यांनी स्विचकडे जाणारी वायर ओढून काढली, दातानं सोलली आणि चावीच्या वायरीला पिळून जोडली. डायरेक्ट. चावी फिरवल्याबरोबर पंखा सुरू झाला.

पूर्ण रस्ता तो पंखा घोंघावत राहिला. काटा मध्याच्याही खाली. चढ आला, चढ गेला, काटा हलला नाही. मी काट्याकडे बघत होते, काकूही बघत होत्या. शिरूर मागं पडल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "एवढंच होतं व्हय?"

काकांनी गाडी चालवत ठेवली.

जळकोटला घरापुढे माणसं बसलेली दिसली आणि आम्हाला कळलं. थोड्याच वेळापूर्वी अक्का गेल्या होत्या. काकू गाडीतून उतरताना नेहमी खाली लाकडी पाट ठेवावा लागायचा. त्या दिवशी मी पाट काढेपर्यंत त्या उतरून आत गेल्या होत्या. न्हाऊ घालायच्या आधी त्यांनी अक्कांचे केस मांडीवर घेतले आणि नीट विंचरले. बायका घाई करत होत्या. काकूंनी वेणी पूर्ण होईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

घरी आल्यावर काकूंनी काकांशी बोलणं सोडलं. ताट वाढायच्या, औषध ठेवायच्या, बोलायच्या नाहीत. गाडी दारात उभी. आता शनिवारी कुठं जायचं नव्हतं.

तेरावा होऊन गेल्यावर एका दुपारी मी वरून बघते तर काका गाडीखाली. खाली टोपलं लावून त्यांनी जाळीतलं पाणी सोडलं होतं आणि पान्यानं तो स्विच काढत होते. मी खाली गेले. खरं सांगायचं तर मला चीड आली होती. "काका, आता कशाला?"

"कळू तर द्या."

स्विच निघाला. बोटभर पितळी वस्तू, पण पितळ दिसतच नव्हतं. सगळ्या अंगावर पांढरा, जाड थर बसला होता, पाणी तापवायच्या रॉडवर बसतो तसा. काकांनी नखानं खरवडला, जिभेला लावला. मग शेगडीवर पाणी उकळत ठेवून तो दोरीनं आत सोडला, त्याला बॅटरीवरचा लहान दिवा जोडला. पाणी खळखळायला लागलं तरी दिवा लागेना. आम्ही बघत राहिलो. बऱ्याच उशिरानं दिवा लागला. काकांनी थर खरवडून काढला आणि पुन्हा सोडला. या वेळी पाणी उकळायच्या आधीच दिवा लागला.

"आतपर्यंत ऊब पोचायलाच उशीर व्हायचा," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "गाडी उकळून जायची तोवर ह्याला पत्ता न्हाई. आपण झाडाखाली बसलो की मग ह्याला कळायचं. मिस्त्रीकडं उभी केली की कळायचं." इतक्या महिन्यांचं कोडं सुटलं होतं. त्यांचा चेहरा उजळला होता. "पर क्षार आला कुठून? आपण तर फिल्टरचं..."

ते थांबले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फिल्टर दिसत होता. त्याला दोन नळ्या असतात. एकीतून प्यायचं पाणी येतं, दुसरीतून सगळे क्षार घेऊन उरलेलं पाणी बाहेर पडतं. इतर ठिकाणी ते मोरीत जात असेल. आमच्याकडे ते बादलीत साठतं, त्यात भांडी होतात, फरशी होते. बोअरपेक्षाही जड असतं ते. काकूंच्या लेखी तेही फिल्टरचंच पाणी. प्यायचं पाणी गाडीला कसं घालायचं, म्हणून काकू त्या बादलीतून बाटली भरायच्या. मी कितीदा तरी बघितलं होतं. बहिणीकडे जायला उशीर नको म्हणून घाईघाईनं भरायच्या.

मी काकांकडे बघितलं. त्यांनाही ते आत्ताच दिसलं होतं.

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलल्या. "सापडलं का कारण?"

काकांनी स्विच मुठीत धरला. "न्हाई."

"मग हे काय खोलून बसलाय?"

"बघितलं. स्विच चांगला हाय. कशानं व्हायचं ते काही कळलं न्हाई."

आयुष्यभर एका नासलेल्या दुधाचं कारण न सोडणारा हा माणूस. मला वाटलं आपण बोलावं. मग वाटलं, बोलून काय करणार? त्यांचं बरोबर होतं की चूक, मला त्या वेळी उमगलं नाही आणि आजही कुणी विचारलं तर मी गोंधळते.

काकू म्हणाल्या, "म्हंजे पहिल्याच शनिवारी डायरेक्ट केलं असतं तर माझी भेट झाली असती."

"हाव," काका म्हणाले. "झाली असती. माझाच हेका नडला."

काकू पायरीवर बसल्या आणि मग त्यांना रडू फुटलं. अक्का गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या. रडत रडत त्या काकांना मनात साठलेलं सगळं बोलल्या, दुधाचं बोलल्या, कुठलं कुठलं जुनं काढलं, माझ्या बहिणीच्या आड तुमचा हट्ट आला म्हणाल्या. काका समोर उभं राहून ऐकत होते. मध्ये एकदा "हाव" म्हणाले. काकूंचं सगळं बोलून होईपर्यंत त्यांनी ती मूठ उघडली नाही.